तिन्हींतलं एक घ्यायचंच

सुन्चॉन, १५ नोव्हेंबर

चि. बोमी,

आईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे. किमची घालून झाली. यंदा कोबी गोड निघाला. धाकटी मावशी मदतीला आली होती. मीठ कमी पडलं म्हणून माझ्याशी भांडली आणि जाताना सगळ्यात मोठा डबा तिनेच उचलला. तुझा डबा मी आधीच लपवून ठेवला होता. बाबा बरे आहेत. हल्ली घरीच असतात.

फोनवर तू घाईत असतेस आणि मी ऐनवेळी विसरते, म्हणून लिहायला बसले. बातमी अशी, की तू बनवलेला तो संगणकावरचा खेळ मी विकत घेतला. हसू नकोस. वाचनालयात ज्येष्ठांसाठी संगणकाचा वर्ग चालतो. तिथल्या बाईंनी विचारलं, “आजी, काय शिकायचंय? नातवंडांचे फोटो बघायला?” मी म्हटलं, “नातवंडं नाहीत. लेकीचा खेळ आहे.” बाई जरा गडबडल्या, पण शिकवलं हो सगळं.

घारीने वरून पाहावं तसं ते भिंतींनी वेढलेलं अंगण, मधे ती लाल टोपीवाली पोरगी, आणि चहूबाजूंनी भुंगे. बंदूक आपोआप चालते, आपण फक्त पळायचं, हे मला कुणी सांगितलंच नाही. मी चष्मा नीट करेपर्यंत मेले. मावशी मागून म्हणते, “ताई, किडेच मारायचेत तर माझ्या ओट्यावर ये, तिथे रोज मुंग्यांची रांग असते.”

पण मला गंमत वाटायला लागली. भुंगा मेला की हिरवा मणी पडतो, मणी पुरेसे वेचले की सगळं थबकतं आणि समोर तीन पत्ते येतात, प्रत्येकावर एक नवी शक्ती. तिन्हींतलं एक घ्यायचंच. मला तेवढाच क्षण सगळ्यात आवडतो. एवढे भुंगे अंगावर आलेले, आणि तरी विचार करायला हवा तितका वेळ! पण ते तीन पत्ते ठरवतं कोण? मी लागोपाठ ते मणी ओढून आणणारं लोहचुंबक नाकारत गेले, म्हटलं बघू या यंत्राला राग येतो का. आला नाही, पुन्हा चुंबक पुढे केलंच. आणि जीव अगदी जायला टेकला की जीव भरून देणारा लापशीचा पत्ता हमखास येतो, असं मला वाटतं. तशी दया तू मुद्दाम घातली आहेस, की तो माझ्याच मनाचा खेळ? खरं सांग. दोन्ही उत्तरं मला चालतील.

एका दुपारी मी घरी खेळत होते, तर बाबा मागे येऊन उभे राहिले. मी म्हटलं, “बोमीने केलाय.” वाटलं, पाठ फिरवून जातील. त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. तुला माहीतच आहे, आयुष्यभर ड्रायव्हिंग शिकवलेला माणूस. मी भुंग्यांच्या घोळक्यात शिरले की यांचा पाय खाली नसलेला ब्रेक दाबायचा. मग त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. भुंग्यांवर नाही, भुंग्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर. मला आठवलं, लग्नानंतर मला गाडी शिकवताना ओरडायचे, “ट्रककडे बघू नकोस! जिकडे बघशील तिकडेच गाडी जाते!” मी मोकळ्या जागेकडे बघायला लागले आणि खरंच, बराच वेळ जगले.

तेव्हापासून हाताने मी चालवते आणि पत्ते ते निवडतात. मी असते तर दर वेळी लापशीच घेतली असती. ते चुंबक घेतात, सावकाश फिरणारा करवतीचा दात घेतात, मला ज्यात काही राम दिसत नाही ते घेतात. पुढे जाऊन तेच कामाला येतं. डाव्या हाताचं बोट पत्त्यावर ठेवतात आणि मी ‘हो’ म्हणेपर्यंत उचलत नाहीत.

डाव्या हाताचं का, असं तू विचारशील. बोमी, आता लिहितेच. वर ‘सगळं ठीक’ लिहिलं ते हात सवयीने लिहून गेला.

चुसॉकच्या सणाआधी बाबांना अर्धांगाचा झटका आला. शिकवणीच्या मैदानात, गाडीत, शेजारी एक शिकाऊ बाई होती. तिने त्यांनीच शिकवला तसा ब्रेक दाबला, हॉर्न वाजवत राहिली, म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचले. जिवावरचं निभावलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पाय हळूहळू येतोय. तुला फोन लावायला घेतला तर त्यांनी माझ्या हातातला फोन हिसकावून उशीखाली घातला. ‘सरकारी नोकरी सोडून असले खेळ करणार असशील तर या घराचा उंबरा चढू नकोस,’ असं म्हणून बसलेला माणूस. तोंडातून शब्द फुटत नसताना तुझ्यासमोर यायची लाज वाटली असेल. मला तसं वाटतं. विचारून खात्री करायची सोय नव्हती. मी त्यांचं ऐकलं. चूक की बरोबर, ते तू भेटलीस की भांड.

गेल्या रविवारी आम्ही पहिल्यांदा शेवटपर्यंत पोचलो. तो मोठा शिंगवाला भुंगा भिंत फोडून आला, मी घाबरून सरळ त्याच्याच अंगावर चालले, आणि माझ्या कानाशी आवाज आला, “गाढवा, ब्रेक!”

माझ्या हातून सगळं सुटलं. पोरगी मेली. मी त्यांच्याकडे बघते, ते माझ्याकडे. त्यांनाच जास्त धक्का बसलेला. मग पुन्हा म्हणाले, नीट, चव घेतल्यासारखं, “गाढवा.” संसारात इतक्या प्रेमाने मला कुणी गाढव म्हटलं नव्हतं.

वाचा शिकवणाऱ्या प्यो मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, “जे आयुष्यभर घासून गुळगुळीत झालंय ते आधी बाहेर येतं, काकू. शिव्या, गाणी, आकडे. खेळा, अजून खेळा!”

बाबांचा एक प्रश्न आहे. तो त्यांनी शब्दांत विचारलेला नाही. काल तीन पत्ते आले तेव्हा त्यांनी तिन्हींवर पंजा ठेवला आणि मान हलवली. यातलं काहीच नको, असं म्हणायची सोय का नाही? याचं उत्तर तुला येत असेल.

ये असं मी लिहीत नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. पण या वेळी पत्र लिहिताना माझ्या हातातलं पेन कुणी हिसकावलं नाही; शेजारीच बसलेत.

तुझी
आई

---

सुन्चॉन, ८ डिसेंबर

चि. बोमी,

तू परत पोचल्याचा निरोप मिळाला. बसमध्ये डबा गळला नाही ना?

तू दारात उभी राहिलीस तेव्हा ते मान वर करेनात, म्हणून तुझा चेहरा पडला, मी पाहिलं. पण सकाळपासून त्यांनी स्वेटर कितीदा बदलायला लावला, ते तुला माहीत नाही. मग त्यांनी कीबोर्ड तुझ्याकडे सरकवला. मी ‘पडवळ चिरते’ म्हणत स्वयंपाकघरात गेले, पण घरात पडवळ नव्हतंच. दाराआडून ऐकत होते.

त्यांनी बोट ठेवलं त्या पत्त्याऐवजी तू दुसराच घेतलास. ते म्हणाले, “चूक.” तू म्हणालीस, “बाबा, हा खेळ मी बनवलाय!” ते म्हणाले, “तरी चूक.” आणि तू, “बरं, मग बघाच!” आणि तू मेलीस, आणि ते खो खो हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. नंतर तू त्यांना सांगत होतीस, की ‘काहीच नको’ हा पत्ता तू आधी ठेवला होतास, पण लोक तोच घेत राहायचे आणि लवकर मरायचे, म्हणून काढला.

डॉक्टर म्हणतात, बोलणं येईल, पूर्ण नाही. गाडी कायमची बंद. ड्रायव्हिंगच्या शाळेने त्यांची जागा दुसऱ्याला दिली. ते ऐकून संध्याकाळभर खिडकीशी बसले. मी समजूत घातली नाही, शेजारी बसले.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, “पुन्हा कधी?” अगदी स्पष्ट. मी उठून संगणक चालू केला. त्यांनी जोरात मान हलवली आणि चमच्याने दाराकडे दाखवलं.

हा प्रश्न मी तुझ्याकडेच पाठवते आहे. माझ्या सहीखाली जे वेडंवाकडं उमटलंय ती शाई सांडलेली नाही. डाव्या हाताने, माझी मदत न घेता, घाम येईपर्यंत बसून त्यांनी स्वतः लिहिलंय.

आई

आणि

बाबा