नववा हातमोजा नमुन्यासाठी न कापण्याबाबत

दिनांक : १४ मार्च, गुरुवार

प्रति,
मा. मुख्य तपासणी अधिकारी,
पार्सल तपासणी कक्ष, दुसरा मजला.

विषय : बेसबॉलच्या नऊ कृत्रिम हातमोज्यांपैकी उरलेला एक न कापता पुढे पाठवण्याबाबत.

संदर्भ : "नमुना संशयास्पद, दुसरा नग घ्यावा" अशा एकाच मजकुराची आपल्या कक्षाची आठ पत्रे.

महोदय, आणि हा अर्ज आधी ज्यांच्या टेबलावर पडेल ते कारकून महोदय,

१. या कामातून अर्जदारास काय मिळणार होते ते आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणजे मागाहून कोणाला खोदून काढायला नको. नऊ हातमोज्यांची मजुरी मिळणार होती, ती बेताचीच. खरा लोभ दुसरा होता. अर्जदाराने सत्तावीस वर्षे मोटारींची सीट-कव्हरे शिवली. गल्लीत त्याला 'सीटवाला' म्हणतात, आणि सीटवाल्याच्या कामावर लोक बसतात, बघत कोणी नाही. परदेशातल्या एका शाळेच्या संघाच्या हातात आपले काम जावे, तिथल्या क्रीडाशिक्षकांनी कबूल केलेला संघाचा फोटो आपल्या भिंतीवर लागावा, आणि मेहुण्याने तो येता-जाता पाहावा, एवढा लोभ होता. अर्जदार तो नाकारत नाही.

२. हा हातमोजा चेंडू झेलण्यासाठी एकाच हातात घालतात. आत गादी, अंगठ्याशेजारी जाळी. मुलांना हलका पडावा म्हणून तो कृत्रिम कापडाचा केला, आणि प्रत्येक मुलाने आपला पंजा कागदावर ठेवून काढलेल्या रेघेवरून बेतला. पार्सल दिले त्या दिवशी खिडकीवरच्या साहेबांनी विचारले, "काका, नऊच्या नऊ डावे? उजवे काय घरी विसरलात?" उजव्या हाताने चेंडू फेकायचा असतो, तो मोकळाच लागतो, असे अर्जदाराने सांगितले. तरी नोंदवहीत "उजवे नऊ नग प्रलंबित" असा शेरा पडला. तो आजही तसाच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. ताप चढलेला माणूस शिंका मोजत बसत नाही.

३. पुढे तपासनीस साहेबांनी एक नग नाकाला लावला आणि हे चामडे आहे असा निर्णय दिला. चामडे बाहेर पाठवायचे तर जनावराचा आरोग्य दाखला लागतो. यात जनावरच नाही असे अर्जदाराने लेखी दिले. त्यावर, जनावर नसल्याचा दाखला जनावरांच्या डॉक्टरांकडून आणण्यास सांगण्यात आले. डॉक्टर म्हणाले, "न तपासलेल्या जनावरासाठी मी सही करत नाही, आणि नसलेल्यासाठी तर मुळीच नाही." तेव्हा प्रकरण प्रयोगशाळेत गेले. तिने पहिल्या हातमोज्याच्या तळव्यातून चौकोन कापला आणि कळवले की कापड कृत्रिम आहे, मात्र प्राणिज अंश आढळतो, सबब संशयास्पद. दुसऱ्याचे तेच झाले, तिसऱ्याचेही. महिन्याभरात आठ तळवे कापले गेले. मधोमध खिडकी असलेल्या हातमोज्यात चेंडू थांबत नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये.

४. तो प्राणिज अंश कुठून आला, हे अर्जदाराने आजवर लपवले. आता लपवण्यासारखे काही उरले नाही. अर्जदाराचे वडील घोड्यांची खोगिरे शिवत. चरबी आणि मेण कढवून केलेल्या तेलाचा त्यांचा डबा अजून कामाच्या फळीवर आहे. "तेलाचं बोट लागल्याशिवाय माल उंबरा ओलांडत नाही," असे ते म्हणत. सीट-कव्हरांना सुद्धा अर्जदार कोपऱ्यात एक बोट लावतो. पत्नीने बजावले होते, "अहो, हे प्लास्टिक आहे. ते तेल पीत नाही, नुसता वास धरतं. नका लावू." अर्जदाराने नऊही हातमोज्यांना लावले, आणि चांगली दोन-दोन बोटे लावली. वासावरून तपासनीस साहेब फसले यात त्यांचा दोष नाही. खुद्द अर्जदाराला तो वास आवडला होता. डब्यातली चरबी कोणत्या जनावराची हे विचारू नये. वडील गेले, जनावर तर त्यांच्याही आधी गेले.

५. आता उरलेल्या नगाविषयी. तो दहा वर्षांच्या एका मुलीचा आहे. तिच्या डाव्या हाताला तीनच बोटे आहेत. तिच्या वडिलांनी पाठवलेल्या पहिल्या कागदावर पंजा पाच बोटांचा होता, पण मधल्या दोन बोटांची रेघ हाताने ओढल्यासारखी डळमळीत दिसली. अर्जदाराने तसे कळवले. आठवड्याने दुसरा कागद आला. पेन्सिल इतकी दाबून फिरवली होती की मागून रेघ बोटाला लागत होती. खाली मुलीने लिहिले होते, "बाबांनी दोन बोटं उसनी घातली होती. ही खरी आहेत."

अर्जदाराने तो हातमोजा तीनदा उसवून चौथ्यांदा शिवला. बाकीच्या आठ मुलांना पाच बोटांचा हातमोजा कोणाकडूनही उसना मिळेल, क्रीडाशिक्षकांनी तशी सोय केलीही आहे. तीन बोटांचा उसना मिळत नाही. नवा शिवायला अकरा दिवस लागतात. सामना रविवारी आहे, पार्सल पोचायला दोन दिवस लागतात, आणि आपल्या आठव्या पत्राप्रमाणे नववा तळवा उद्या अकरा वाजता कापायचा आहे.

६. सबब विनंती की, प्रयोगशाळेने तळव्याऐवजी तेलाचा डबा घ्यावा. तो सोबत जोडला आहे, झाकण घट्ट आहे. ते नियमात बसत नसेल तर जाळीच्या नाडीचे टोक चार बोटे जास्तीचे सोडले आहे, तेवढे कापावे. तेही बसत नसेल तर, आठ वेळा जे खोटे ठरले ते अर्जदार खरे म्हणून लिहून देण्यास तयार आहे. हातमोजा चामड्याचा आहे, जनावर अर्जदाराचे होते, आणि माहिती अर्जदाराने दडवली. यासाठी दंड व तीन वर्षे पार्सल पाठवण्याची बंदी आहे, असे खिडकीवर समजले. दोन्ही मान्य. कबुलीजबाब सही करून सोबत जोडला आहे. त्यात जनावराच्या वर्णनाची जागा कोरी आहे, ती साहेबांनी सोयीप्रमाणे भरावी.

७. या प्रकरणात कोणी काय भरले, ते शेवटी नोंदवतो. कक्षाने आठ पत्रांचा कागद भरला. प्रयोगशाळेने आठ अहवाल भरले. आठ मुलांनी आपापला हातमोजा भरला. अर्जदाराने महिना भरला, आणि आज आपला शब्दही भरतो आहे. त्या मुलीने दोन बोटे जन्मालाच भरली आहेत. तिच्या नावावर आता काही लावू नये.

आपल्या कात्रीपुढे हात जोडून,
सही/-
अर्जदार (सीटवाला)