यादीतून वगळलेले तिघे

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बाबांचं आहे, म्हणून तरी तू ते फोडलं असशील. माझं अक्षर दिसलं असतं तर न फोडताच कुठेतरी टाकून दिलं असतंस, आणि त्याबद्दल तुला बोलायला मला तोंड नाही. पत्त्याच्या ओळी खाली घसरल्यात; दोन पाकिटं वाया गेली, तिसरं जमलं. चार महिने तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून हा कागद. मधे राग आला तर बाजूला ठेव, पाणी पी, पण शेवटपर्यंत वाच. एवढं माझ्यासाठी नाही केलंस तरी स्वतःसाठी कर.

सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसलेय. दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाते, वाळलेले कपडे पुन्हा चाचपते, परत येते. चहा दोनदा केला आणि दोनदा गार केला. बाबा आतल्या खोलीतून विचारतात, काय चाललंय तुझी येरझार. त्यांचे थेंब टाकायची वेळ झाली की तेवढी पाच मिनिटं माझे हात शहाण्यासारखे वागतात, मग पुन्हा तेच. बाबा तसे बरे आहेत. डावीकडचं दिसत नाही, त्यामुळे खांदा दाराच्या चौकटीला आपटतो. परवा मला म्हणाले, तुझ्या घराची दारं जरा अरुंदच केलीत गं. मी हसले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

तू माझ्या कामाला ‘कंस भरणं’ म्हणायचास. तुझ्या लेथवर केसाएवढ्या मापाचं खरंखुरं काम, आणि ताई दिवसभर खुर्चीत बसून कंस भरते. आज त्याच कंसांबद्दल लिहायचंय. डोळ्यांच्या दवाखान्याचं काम मी घेतलं ते तुला आठवत असेल. तिथे सगळ्या पेशंटांची माहिती डेटाबेसमध्ये असते: नाव, फोन, डोळ्यातला दाब, पुन्हा कधी यायचं ती तारीख. ज्यांची तारीख आली त्यांची यादी दर सोमवारी सकाळी नऊला आमचा प्रोग्राम काढतो आणि त्यांना आपोआप फोन लावून रेकॉर्ड केलेला निरोप ऐकवतो. प्रोग्राम म्हणजे निव्वळ सांगकाम्या. कोणाला निवडायचं आणि कोणाला सोडायचं हे त्याला स्वतःला कळत नाही. ते एका वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहून ठेवायचं असतं. कुठल्या तक्त्यातून माहिती घे, कुठली तारीख बघ, कोणाला वगळ, एकेक अट एकेका कंसात. त्यात लिहिलं ते होतं, नाही लिहिलं ते होत नाही, आणि चुकीचं लिहिलं तर तेही अगदी बिनबोभाट होतं.

तेव्हा आपण तिघंही तिथे डोळे तपासून आलो होतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाबांच्या डोळ्यात दाब जरा जास्त आहे, दर सहा महिन्यांनी दाखवा. हे घराण्यात उतरतं, तर मुलांनीही वेळोवेळी तपासून घ्यावं. मग मी माझ्या फाइलची चाचणी घ्यायला आपल्या तिघांचीच खरी नोंद वापरली, कारण यादी बरोबर निघाली की नाही हे मला घरच्या माणसांवरून लगेच कळलं असतं. आणि त्या दिवशी तुला अकरा फोन गेले. तू कामावरून तणतणत आलास आणि म्हणालास, तुझ्या त्या रेकॉर्डवाल्या बाईला सांग, एकदा बोलावलं की समजतं मला, बहिरा नाहीये मी. बाबा तर हसून हसून खोकायला लागले. त्या हसण्याच्या भरात मी दुसऱ्या दिवशी आपल्या तिघांच्या नोंदींवर ‘चाचणी’ अशी खूण केली आणि फाइलमध्ये एक ओळ घातली, की ही खूण असलेल्यांना वगळ.

पुढचं तुला माझ्याआधी कळलं असेल. काम सुरू झालं, दवाखान्यात पेढ्यांऐवजी केक कापला, माझी पाठ थोपटली गेली, आणि ती खूण तशीच राहिली. अडीच वर्षं.

त्या काळात बाबा तुझ्याकडे होते. तू दोनदा विचारलं होतंस, दवाखान्यातून काही कळवलं नाही, जाऊन येऊ का. बाबा म्हणाले, बोलावलं नाही म्हणजे ठीकच असेल, ताईनेच तर केलीय ती सोय, ती चुकेल का. हे मला बाबांनी आत्ता सांगितलं. आणि बाबांचा डावा डोळा गेल्याचं कळलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या व्हरांड्यात, काका-काकूंच्या देखत, डॉक्टर आत असताना काय बोलले ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. तू इतकंच म्हणालास, “फोनच आला नाही, ताई.” आणि मी म्हणाले, “फोनची वाट बघायला तू काय पाहुणा आहेस? तुझ्या भरवशावर त्यांना ठेवलं, हीच माझी चूक.” तू माझ्याकडे बघितलंस, बाबांची चप्पल त्यांच्या पायाशी नीट ठेवलीस आणि निघून गेलास. महिन्याभरात बदली मागून गावही सोडलंस.

गेल्या गुरुवारी दवाखान्याने नवीन यादी मागितली: दोनदा बोलावूनही जे आले नाहीत, त्यांची. त्यासाठी मी तीच फाइल इतक्या दिवसांनी उघडली. नवी अट लिहिली, बेरीज लावली तर पेशंट चार हजार दोनशे बारा आणि यादीत येऊ शकणारे चार हजार दोनशे नऊ. तीन कमी. मला वाटलं तीन जण वारले असतील. तासभर शोधलं. मग ती ओळ दिसली, आणि तिच्यावर मीच लिहिलेली टीप. आमच्यात पद्धत असते, पुढच्याला कळावं म्हणून ओळ का घातली ते वर लिहायचं. मी लिहिलं होतं: ‘तात्पुरतं. बारक्याला सारखे फोन जाऊ नयेत म्हणून.’

मी ते किती वेळ वाचत बसले मला माहीत नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं, बरं वाटत नाहीये का. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, खूण काढून टाक, गवगवा करू नकोस, आपलीच तर माणसं होती. मी त्यांचं ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंना सगळं लेखी दिलं. मग घरी येऊन बाबांच्या समोर बसले आणि सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मला वाटलं आता ते मला बोलतील, आणि खरं सांगते, मला ते हवंच होतं. पण ते म्हणाले, “माझं जे व्हायचं ते झालं. तू आधी बारक्याला कळव.”

तू चुकला नव्हतास. फोन खरंच आला नव्हता. हे मी काका-काकूंनाही सांगितलंय, जेवढ्या लोकांसमोर तुला बोलले तेवढ्या सगळ्यांना. तू मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू ठरव, कधीही ठरव, नाही ठरवलंस तरी चालेल.

पण बाबांनी ‘कळव’ म्हटलं ते माफीसाठी नव्हतं, आणि माझा जीव चार दिवस थाऱ्यावर नाही तोही त्यासाठी नाही. वगळलेले आपण तिघं होतो, बारक्या. माझे डोळे मी परवा दाखवले, ठीक आहेत. तुझ्या नोंदीत डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच लिहून ठेवलंय: दाब वाढलेला, वर्षाच्या आत पुन्हा तपासणी. त्याला अडीच वर्षं झाली. आणि बाबा सांगतात, मागच्या महिन्यात त्यांच्याशी बोलताना तू म्हणालास, हल्ली संध्याकाळी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती रंगीत कडं दिसतं, लेथवर डोळे शिणत असतील. डोळे शिणल्याने तसं होत नाही रे, डोळ्यातला दाब वाढला की होतं. सोमवारच्या फोनची वाट बघू नकोस, पत्र मिळाल्या मिळाल्या तिथल्या कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ते नाहीच जमलं तर एवढं तरी कर. खूण मी काढली आहे. तुझं नाव आता यादीत आहे, मी तीनदा बघितलं. पुढच्या सोमवारी सकाळी नऊला फोन वाजेल. ती रेकॉर्डवाली बाई असेल, मी नसेन. तो तेवढा उचल.

तू म्हणशील तर अजूनही तुझीच,
ताई