घर बरोबर घेऊन

ईडन प्रेरी, मिनेसोटा
२० एप्रिल २०२५

चि. सौ. गिरिजा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि मेतकुटाचा डबा दोन्ही पोचले. आधी पत्र वाचलं. तुला खरं वाटणार नाही, पण खरंच आधी पत्र वाचलं.

आता कुठेतरी बस आणि मग पुढचं वाच. तुझ्या भाऊजींनी जूनमध्ये युरोप फिरायला मोटरहोम भाड्याने घेतलीय. भलीमोठी व्हॅन, तिच्यातच पलंग, शेगडी, सिंक आणि संडास. म्युनिकला ताब्यात घ्यायची, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया हिंडायचं आणि म्युनिकलाच परत द्यायची. संडासाची टाकी भरली की खालून ओढून काढायची आणि आपल्या हाताने रिकामी करून आणायची. ही माहिती त्यांनी मला पोहे खाताना दिली. माझा घास तोंडातच राहिला.

जो माणूस कुठल्याही हॉटेलात गेला की खोली बदलून मागितल्याशिवाय बॅग उघडत नाही, त्याला हे कुठून सुचलं? महाराष्ट्र मंडळातल्या सगळ्यांसारखी बसची टूर घेऊ म्हटलं तर नाही म्हणाले. का, ते सांगेनात. नुसते नकाशे पसरून बसलेत. जन्म हायवे आखण्यात गेला, पण एवढं खूश मी त्यांना रिटायर झाल्यापासून पाहिलं नव्हतं, म्हणून मीही गप्प बसले. शार्दूलला सनीव्हेलला फोन केला तर त्याला वाटलं आई थट्टा करतेय. मग म्हणाला, बाबा फारच कूल झालेत. लेकाचं काय जातंय, टाकी मला उचलायची आहे.

अरुणरावांना नमस्कार. तुझा लोभ नेहमीच भरपूर असतो, या खेपेला थोडी दयाही धाड.

तुझी,
ताई


मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
३ मे २०२५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी अरुणला मोठ्याने वाचून दाखवलं. टाकीपर्यंत आल्यावर तो उठून हात धुऊन आला. आम्ही दोघं अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. भाऊजी आणि मोटरहोम! मागच्या दिवाळीत आमच्या गेस्टरूमची गादी मऊ आहे म्हणून ते सोफ्यावर झोपले होते.

थट्टा पुरे, आता कामाचं बोलते. अरुण म्हणतो, दुसरा ड्रायव्हर म्हणून तुझं नाव घाल आणि तुझंही इंटरनॅशनल परमिट काढून घे. भाऊजी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. एवढी मोठी गाडी, अनोळखी रस्ते, त्यात घाटातले बोगदे. त्यांना राग येईल, तर येऊ दे. आणि गाडी गिअरची असणार, हे तुझ्या लक्षात आलंय का? तू शेवटचा क्लच दाबलास तो नागपूरला, बाबांच्या फियाटचा. त्यानंतर कडुनिंबाचं काय झालं ते मी कुणाला सांगणार नाही.

फोटो पाठव. पत्रही लिही, तिथून ईमेलवर लिहिलंस तरी चालेल, पण पत्रासारखं लिही. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठे नकोत.

भाऊजींना नमस्कार सांग. दोघं जपून जा आणि आमच्यावरची माया तिकडच्या थंडीत गोठू देऊ नका.

तुझी,
गिरिजा


व्हिलाखजवळ, ऑस्ट्रिया
११ जून २०२५

चि. गिरिजा,
आशीर्वाद.

हे फोनवर लिहितेय. चुका समजून घे. आम्ही दोघं धडधाकट आहोत, हे आधी सांगते.

पहिले काही दिवस इतके छान गेले की तुला चिडवायला मोठं पत्र लिहायचं ठरवलं होतं. टाकीसुद्धा यांनीच रिकामी केली, मला हात लावू दिला नाही. काल आम्ही साल्झबुर्गहून दक्षिणेला निघालो. डोंगरातल्या मोठ्या हायवेवर एका पेट्रोल पंपाशी थांबलो. हे डिझेल भरत होते, मी सांगून बाथरूमला गेले. पर्स आणि फोन गाडीतच होते.

बाहेर आले तर गाडी नाही.

आधी वाटलं, बाजूला लावली असेल. पंपाभोवती फिरले, मागच्या ट्रकच्या रांगेत पाहिलं. मग वाटलं, गंमत करताहेत. पन्नास वर्षांत या माणसाने अशी गंमत कधी केली नाही, हेही त्याच क्षणी कळत होतं. काउंटरवरच्या मुलीला इंग्रजीत सांगितलं की माझा नवरा मला इथे विसरून गेला. ती हसली. मग माझा चेहरा पाहून तिचं हसू गेलं. फोन करू म्हणाली, तर मला नंबर पाठ नाही. ना यांचा, ना शार्दूलचा, ना तुझा. गाडीचा नंबर नाही. पांढरी मोटरहोम म्हणावी तर समोरून एकामागून एक पांढऱ्याच जात होत्या. भाड्याच्या कंपनीचं नाव तेवढं आठवलं. त्यावरून पोलिसांनी शोध लावला.

मी तिथेच एका खुर्चीवर बसून होते. वाटत होतं, मागे झोपलेय असं समजून निघाले असतील, लक्षात आलं की कपाळाला हात लावून परत येतील. चिडायची सगळी तयारी करून बसले होते.

पोलिसांना ते बऱ्याच पुढे एका पार्किंगमध्ये सापडले. शेगडीवर चहा ठेवला होता. एकच कप काढला होता. पोलिसांनी बायकोबद्दल विचारलं, तर हे अगदी शांतपणे म्हणाले की मी एकटाच प्रवास करतोय. बायको मिनेसोटाला घरी आहे, तिला असला प्रवास आवडत नाही.

गिरिजा, माझ्याजवळच्या पोलीसबाईंना वाटलं मी खोटं बोलतेय. खात्री करून घ्यायला त्यांनी मला यांच्याशी फोनवर बोलायला लावलं. मी म्हटलं, अहो, मी बोलतेय. त्यांना इतका आनंद झाला! म्हणाले, बरं झालं फोन केलास, इथलं हवामान सुंदर आहे. मग विचारलं, तिकडे बर्फ वितळला का?

 मी म्हटलं, हो, वितळला.

पोलिसांनी मला त्यांच्यापर्यंत पोचवलं. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि कधी आलीस म्हणून विचारलं. माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. गाडी इथल्या कॅम्पसाइटवर एका पोलिसानेच आणून लावली. किल्ली माझ्याकडे आहे.

आज सकाळी उठले तेव्हा ते अगदी नेहमीचे होते. कालचं सांगितलं तर म्हणाले, काहीतरीच बोलू नकोस. पोलिसांनी दिलेलं कार्ड दाखवलं, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

काय करू? लवकर लिही.

ताई


मॉरिसव्हिल
११ जून २०२५

ती. ताईस,
नमस्कार.

तुझं पत्र ग्रोसरीच्या दुकानात उभ्याने वाचलं. सामान तिथेच सोडून गाडीत येऊन बसले. अरुणला फोन लावला आणि सगळं वाचून दाखवलं. बर्फाचं दोनदा वाचलं. तू हो म्हणालीस, ते तुला कसं सुचलं गं?

शार्दूलला सांगितलंस का? नसशील तर आत्ता सांग. अरुण म्हणतो की गाडी तिथेच ठेवा, कंपनीला कळवा, जवळच्या विमानतळावरून परत या. मी निघू का तिकडे? पासपोर्ट तयार आहे.

दिवाळीत भाऊजींनी मला बाथरूम कुठे आहे म्हणून पुन्हा पुन्हा विचारलं होतं. आम्ही सगळे हसलो होतो, तेही हसले होते. मला आता त्यांचं ते हसणं आठवतंय. त्यांना खरंच हसू आलं होतं का?

त्यांच्या हाती किल्ली देऊ नकोस. रागावले, अबोला धरला तरी नाही. जेव. आणि मी इथे फोन उशाशी घेऊन आहे, एवढं धरून राहा.

गिरिजा


म्युनिक, जर्मनी
१९ जून २०२५

चि. सौ. गिरिजा हिस,
अनेक आशीर्वाद.

रोज फोनवर बोललो, तरी हे पत्रात लिहायचं राखून ठेवलं होतं. काल मी ती मोटरहोम चालवत म्युनिकला आणली. मी. अरुणरावांना सांग, त्यांनी माझं नाव घालायला लावलं त्याचं सोनं झालं.

शार्दूल तिकीट काढून निघालाच होता, त्याला मीच थांबवलं. विमानाने परत जायचं म्हटलं की हे कासावीस व्हायचे. गाडी सोडायची नाही, गाडी सोडायची नाही, एवढंच म्हणत राहायचे. किल्ली मागायचे, मी नाही म्हणायचे. एकदा इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या तंबूतली माणसं बाहेर आली. मग ते पायरीवर बसले आणि रडले. आपल्या नवऱ्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, गिरिजा. काय करावं ते कळेना, म्हणून शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, मला क्लच शिकवा.

त्यांनी शिकवला. कॅम्पसाइटच्या मागच्या रस्त्यावर, किती तरी वेळा. गाडी बंद पडायची, आचके खायची, हे शांत. पाय किती उचलायचा, इंजिनचा आवाज कुठे बदलतो, बोगद्यात शिरताना नजर कुठे ठेवायची, सगळं बिनचूक. ज्या माणसाला मी बरोबर आलेय हे आठवलं नव्हतं, तो मला उतारावर कुठला गिअर ते सांगत होता. मी ऐकत होते आणि मनात येत होतं की हेही कधीतरी जाईल का.

रस्त्यात आम्ही पंपावर थांबायचो तेव्हा ते माझ्याबरोबर बाथरूमच्या दारापर्यंत यायचे आणि बाहेर उभे राहायचे. मी सांगितलं नव्हतं.

परत गेल्यावर डॉक्टरांची वेळ घेतलीय. तुझी आठवण फार येते. लोभ आहेच, आता धीरही दे.

तुझी,
ताई


ईडन प्रेरी
७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. गिरिजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

माझं पत्र पाहून दचकशील. पत्रं लिहिणं हे तुम्हा दोघी बहिणींचं, तुझं आणि लतिकाचं खातं. पण चांगला दिवस आहे, तो वापरून घेतो. आठवायला अडलो तिथे लतिकाला विचारलंय.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते तुला कळलं आहेच. लतिकाला धक्का बसला, शार्दूलला बसला. मला बसला नाही. तो मला मागच्या हिवाळ्यातच बसून गेला होता.

लायब्ररीतून घरी येत होतो. आपल्या गल्लीत शिरलो आणि आपलं घर ओळखता येईना. सगळी दारं सारखी. मी गाडीत बसून राहिलो. शेवटी लतिका कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आली, तेव्हा कळलं की मी घरासमोरच उभा होतो. तिला म्हटलं, रेडिओ ऐकत होतो. कुणाला बोललो नाही. ज्याने या राज्यात एवढे रस्ते आखले, त्याने हे कुणाला सांगायचं?

तेव्हापासून एकच भीती होती. एक दिवस घर सापडणार नाही, आणि ती दारात वाट बघत राहील. मग मोटरहोम सुचली. घरच बरोबर घेऊन निघालो तर? रस्ता चुकेल, पण घर चुकणार नाही. मान वळवली की ती मागे असेल. आणखी एक प्रवास तरी न घाबरता होईल, असं वाटलं. असा माझा विचार होता, गिरिजा. आणि मी घर घेऊन निघून गेलो आणि तिलाच मागे सोडलं. मला ते आठवत नाही. तिला आठवतं. हे मला फार लागतं.

गेल्या आठवड्यात जाऊन ड्रायव्हिंग लायसन्स परत केलं. काउंटरवरच्या मुलीने खात्री आहे ना म्हणून विचारलं. मीच हो म्हणालो. येताना लतिकाने गाडी चालवली आणि मी खिडकीतून बाहेर पाहत आलो. एवढ्या वर्षांत मी हे गाव धड पाहिलंच नव्हतं.

दिवाळीला तू आणि अरुण इथे येताय, असं ती म्हणते. जरूर या. तोवर माझं काय झालेलं असेल, सांगता येत नाही. मी तुझ्याकडे परक्यासारखा पाहू लागलो तर तू नाव सांग. गिरिजा, लतिकाची बहीण, एवढं पुरे. आणि मग आत ये, बस, आणि माझी थट्टा कर. मी हसलो, तर ते खरं असेल.

तुझा,
जगन्नाथ