बयो, मी आणि टिकमार्कबाई

४ जुलै
बयोच्या विशेष मुलांच्या शाळेत नव्या मानसशास्त्रज्ञ बाई आल्यात. मोठ्या मुलांना ऑटिझम आहे का, ते तपासणार. कशाला? बयो सोळाची झाली. बौद्धिक अक्षमतेचं सर्टिफिकेट लहानपणीच मिळालंय. एका पोरीला पाट्या लावायच्या तरी किती? तिला काय आहे न् काय नाही, ते मला विचारा. बाप आहे मी.

६ जुलै
पालकांची मीटिंग. बाई म्हणाल्या, अशा किशोरवयीन मुलांमध्ये ऑटिझम आपल्याला वाटतो त्याहून बराच जास्त आढळतो. पहिल्या निदानाखाली दुसरं झाकलं जातं, कुणी बघतच नाही. मी उठून ठणकावलं, "आमच्याकडे तसलं काही नाही." बाईंनी मान हलवून कागदावर टिक केली. आजपासून नाव टिकमार्कबाई.

७ जुलै
वर्गाच्या काचेतून पाहिलं. बयो टिकमार्कबाईंशेजारी निवांत बसलेली. मध्येच हसलीसुद्धा! माझ्याकडे बघून कधी हसली होती? नक्की चॉकलेट देत असणार. लाचखोरी.

८ जुलै
संकल्प: रोज बयोबरोबर क्वालिटी टाइम. ऑफिसातून येताना भलंमोठं चॉकलेट आणलं. "ओळख पाहू कोण आलंय!" असं ओरडतच घरात शिरलो. बयो कान झाकून पलंगाखाली. चॉकलेट मी खाल्लं. वाया कशाला घालवायचं?

१० जुलै
ही म्हणाली, "अहो, त्या बाई काही देत नाहीत. नुसत्या गप्प बसतात. जमेल तुम्हाला?" न जमायला काय झालं? त्याला काय डिग्री लागते? बसलो. डोळा लागला. माझ्या घोरण्याने बयो दचकून रडली, असं हिचं म्हणणं. मी घोरत नाही.

१५ जुलै
विजय! आज गप्प बसलो, तेही जागा राहून. बयोने आपणहून माझा हात धरला! ओढत स्वयंपाकघरात नेलं, हात बिस्किटांच्या डब्यावर ठेवला. मी झाकण उघडलं. माझ्याकडे न बघता बिस्किटं घेऊन गेली. पण हात माझा! ही बघत होती म्हणून उगीच चष्मा पुसला.

१६ जुलै
टिकमार्कबाईंना मुद्दाम जाऊन सांगितलं. जळू देत. उलट खूश झाल्या. "बरं झालं सांगितलंत! स्वतः न मागता दुसऱ्याचा हात असा अवजारासारखा वापरणं, हे ऑटिझममध्ये दिसतं." टिक. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत सुंदर क्षणावर टिक!
विचारलं, "तुमचा धरलाय कधी?"
"अजून नाही."
ऑफिसात दिवसभर शीळ घातली.

२२ जुलै
रिपोर्ट आला. बयोला ऑटिझमही आहे. तपासलेल्या मोठ्या मुलांपैकी आणखी बऱ्याच जणांना निघाला. ही रडली, पण मोकळं झाल्यासारखी. म्हणाली, "मी जवळ घेतलं की अंग चोरते. इतकी वर्षं वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."
मला इतकी वर्षं वाटत होतं, ती फक्त माझ्याच मिठीतून पळते. हिचा किती हेवा केला मी! सगळा फुकट गेला.

२४ जुलै
सिंकचा नळ फुटला. प्लंबर आला. मी बयोशेजारी गप्प बसलो होतो, अगदी पद्धतशीर. ती उठली, मला ओलांडून गेली, प्लंबरचा हात धरला आणि फ्रिजच्या दारावर ठेवला. त्याने दार उघडून दिलं. कसलीही तयारी नसताना!
त्याचा पाना लपवला.
ही ओरडली, "अहो, द्या तो! पाणी हॉलमध्ये आलं."
दिला.