आईच्या चालीनं पाच मिनिटं

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (या खेपेला साष्टांग अगदी शब्दशः घ्यावा. हे पत्र मी सतरंजीवर पालथा पडून लिहितो आहे आणि कमरेवर गरम पाण्याची पिशवी आहे. कारण पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे हे तुला विचारण्यात अर्थ नाही, तू ‘बरा आहे’ एवढंच कळवणार, तेव्हा खरं काय ते दाजींनी वेगळ्या चिठ्ठीवर लिहावं. दाजींची नवी कवळी बसली का? मागच्या वेळी त्यांनी मला फोनवर बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं आणि मी बराच वेळ हो हो म्हणत राहिलो. त्यात मी काही कबूल करून बसलो असेन तर तेही कळवावं. फोन सोडून पत्र लिहितोय ते एवढ्याचसाठी, की तुमच्याकडे फोन कुणाचाही वाजला तरी पलीकडून आधी आईच बोलते.

तर मुद्दा घराचा. पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेला तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन, आणि त्याआधी आईनं आमच्याकडे यायचं, हे ठरलेलं आहे. तीन वर्षं तू तिचं सगळं केलंस, आता माझी पाळी, याबद्दल माझं एका शब्दानं दुमत नाही. पण आम्ही राहतो चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, खोली एकच, आणि त्या खोलीत कपाट उघडायचं तर एकानं पलंगावर चढावं लागतं. म्हणजे तळमजला हवा, दोन खोल्या हव्यात, दवाखाना जवळ हवा आणि भाडं आमच्या दोघांच्या पगारात बसायला हवं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण पाहिलं तर पाय पोटाशी घेऊनच निजावं लागेल, पण शोधायला तर हवंच. म्हणून गेले चार रविवार आम्ही दोघं शहर पालथं घालतो आहोत.

आम्हाला भेटलेले एजंट फार सज्जन गृहस्थ आहेत. त्यांच्या जगात सगळं काही पाच मिनिटांवर असतं: दवाखाना पाच मिनिटांवर, भाजी पाच मिनिटांवर, बसथांबाही पाचच मिनिटांवर. आता बारा वर्षं मी बसची वेळापत्रकं करतोय. कुणी ‘पाच मिनिटं’ म्हणालं की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. त्यातून तुझी भावजय पडली शाळेतली कवायतीची बाई. तिच्या गळ्यातली शिट्टी आणि स्टॉपवॉच रविवारीही उतरत नाही. पहिल्या रविवारी तिनं घर ते दवाखाना चालून घड्याळ दाबलं तर चार मिनिटं चाळीस सेकंद. मी वहीत लिहून घेतलं, एजंटांची मनातल्या मनात माफी मागितली आणि आम्ही खुशीत परत आलो. चहाचा पहिला घोट घेताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही पाच मिनिटं कुणाची? जी बाई माझ्या खात्याच्या बसना चालत मागं टाकते तिची. आईची नव्हेत.

तेव्हा कुणीतरी आईच्या चालीनं चालून बघणं भाग होतं. हिनं प्रयत्न केला, पण हळू चालणं हिच्या हाडात नाही. चार पावलं हळू टाकली आणि पाचव्याला कोपऱ्यावर दिसेनाशी झाली. शेवटी ते माझ्या गळ्यात आलं. आईची चाल मला तोंडपाठ आहे. सात पावलं चालायचं. मग थांबायचं, पण दमलो म्हणून थांबलो असं अजिबात दाखवायचं नाही. कमरेवर हात ठेवून एखाद्या घराकडे असं बघायचं, की जणू तेच बघायला आलो होतो. ‘पडदे धुवायला झालेत यांचे’ असं पुटपुटायचं आणि पुढची सात पावलं. हे सगळं कमरेत जरा वाकून. (पिशवी कमरेवर का आहे ते आता लक्षात आलं असेल.)

नव्या उंच इमारतींच्या वसाहतीत मी असा तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा रखवालदार समोर येऊन उभा राहिला. एक दणकट माणूस दर सात पावलांनी थांबून लोकांच्या खिडक्या न्याहाळतोय, त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्यानं विचारलं, काय चाललंय. मी घाबरून खरं ते सांगितलं. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं आणि सही करायला वही माझ्यापुढे धरली, तेव्हा मी वाचलं: ‘इसम. आईसारखा चालतो.’ मी मुकाट्यानं सही केली. एवढा वेळ तुझी भावजय समोरच्या फुटपाथवर उभी राहून मी कोण हे माहीत नसल्यासारखी बुटाची नाडी बांधत होती. तिच्या बुटाला नाडी नाही.

पुढच्या रविवारी चढावरची वस्ती पाहिली. घर छान, ऊन छान, भाडं तर इतकं कमी की आम्ही खोट शोधायला लागलो. खोट म्हणजे तो चढ. दवाखाना वर, म्हणून तिथं बसनं जायचं. मी आईच्या चालीनं थांब्यावर पोचलो, बस आली, मी दांडा धरला, एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा उचलायच्या आधी आईसारखा दम घेतला आणि कंडक्टरनं घंटी मारली. मी ओरडलो तसा ड्रायव्हर मान बाहेर काढून बघतो तर तो मला ओळखणारा निघाला. अगदी अदबीनं म्हणाला, “साहेब, तुमच्याच कागदात या थांब्याला आठ सेकंद आहेत.” आणि गेला. ताई, ते आठ सेकंद मीच लिहिलेत. गेल्या वर्षी बारा होते, मी चार वाचवले म्हणून साहेबांनी माझी पाठही थोपटली होती. सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी त्या थांब्याला वीस सेकंद केलेत. अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

आता कालची गोष्ट. गोंदाच्या कारखान्यामागं एक गल्ली आहे. एजंट तिचं नाव घेताना स्वतःच नाक दाबतात, म्हणून भाडं आमच्या आवाक्यात. मी चालायला सुरुवात केली. पहिल्याच थांब्याला शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाई हातातला स्क्रूड्रायव्हर ठेवून स्टूल घेऊन बाहेर आल्या. मी नको म्हणालो, तर त्यांनी खांदा धरून बसवलं. मग त्यांचं लक्ष गेलं स्टॉपवॉच घेऊन उभ्या असलेल्या तुझ्या भावजयीकडे. नवऱ्याला अशा अवस्थेत पळवता आणि वर वेळ मोजता, म्हणून त्यांनी तिला जे फैलावर घेतलं ते ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी खुलासा जरा उशिरानंच केला. पुढे औषधांच्या दुकानदारानं मला बाकावर बसवून रक्तदाब बघितला (चांगला आहे, आईला सांग). त्यापुढे एका आजोबांनी त्यांची काठी देऊ केली, उद्या परत दिलीस तरी चालेल म्हणाले. मी कोण, कुठला, हे तोवर कुणी विचारलंही नव्हतं. घर ते दवाखाना, एजंटांच्या हिशेबानं पाच मिनिटं. आम्हाला लागली एक्केचाळीस. माझ्या कागदावर हा मार्ग आला असता तर मी तो त्याच दिवशी बंद केला असता. मी वहीत आकडा लिहायला लागलो तर हिनं घड्याळ गळ्यातून काढून पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, हेच घेऊ या.

घेतलं, ताई. गोंदाचा वास येतो. लोक म्हणतात आठ दिवसांनी येईनासा होतो, पण असं म्हणणारे सगळे तिथं वीस वर्षं राहताहेत. ऊन दहानंतर येतं. स्वयंपाकघराचं दार उघडायचं तर आतल्यानं आधी बाहेर यावं लागतं. पण तळमजला आहे, दोन खोल्या आहेत, आणि रस्त्याकडच्या खोलीला मोठी खिडकी आहे. त्या खिडकीतून समोरच्या तीन घरांचे पडदे दिसतात. तिन्हीचे धुवायला झालेत. ती खोली आईची.

दाजींना नमस्कार. स्वतःला जप आणि पायावर उगाच जोर देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. : हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. (हे वरच लिहायला हवं होतं. दाखवून झालं असेल तर पडद्यांचा भाग खोटा आहे म्हणून सांग.)

ता. क. २ : एक काम आहे, खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला बसलो. तुझी भावजय आत्ता चहा देताना म्हणाली, की मी चाललो ती आईची तीन वर्षांपूर्वीची चाल. आत्ताची कशी आहे? मी आठवून पाहिलं, मला आठवेना. गेल्या तीन वर्षांत मी पाच वेळा आलो असेन. पाचही वेळा दार तू उघडलंस, आई आधीच खुर्चीत बसलेली होती, आणि मी निघेपर्यंत ती उठली नाही. मला वाटायचं गप्पांत रमते. तेव्हा ताई, तिच्या नकळत तिच्या खोलीपासून तुमच्या फाटकापर्यंत तिला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून कळव. मला बरं वाटावं म्हणून कमी करून लिहू नकोस.

ता. क. ३ : काही मोजू नकोस. शनिवारी सकाळच्या बसनं मीच येतो आणि तिच्याबरोबर फाटकापर्यंत चालतो. मी येतोय हे मात्र तिला सांगू नकोस, नाहीतर ती आधीच खुर्चीत जाऊन बसेल.