मागाच्या खड्ड्यावरचं टेबल

बाबा, या आठवड्यात मला एका विणकराला लवकर मरायला लावायचं आहे. घाबरू नका, तो खरा माणूस नाही. तुम्ही स्टूल ओढून माझ्या शेजारी बघत बसायचात तो राज्यं वाढवायचा गेम आठवतो ना, तसल्याच एका गेमला नवा भाग जोडायचं काम आमच्याकडे पुण्यात आलं आहे. गेम परदेशातला, जुनाच. त्यात आता आपल्याकडची राज्यं घालायची, त्यांचे किल्ले, तलाव, हत्ती, माणसं. माणसं माझ्याकडे आहेत. लाकूडतोड्या कसा चालेल, ढिवर जाळं कसं फेकेल, हाती काम नसेल तर कोण काय करेल, हे मी ठरवते. विणकर यादीत नव्हताच, तो मी भांडून घातला. बोटाच्या पेराएवढा आहे, पण बसतो तुमच्यासारखा, डावा खांदा जरा वर आणि मान त्याच बाजूला झुकलेली. आणि रिकामा असला की त्याचे पाय एकाआड एक खाली दाबले जातात, समोर माग नसतानाही. टीममधल्या एकाने विचारलं, हा सायकल चालवतोय का? मी म्हटलं, राहू दे तसंच.

तसंच राहू दे म्हटलं, कारण मी ते पाहिलं होतं. आपला भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्यानंतरची दोन-चार वर्षं. आपल्या पवनीतले माग एकेक करून बंद पडत होते आणि मी भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते. आपल्या पुढच्या खोलीतला माग निघाला, त्याखालचा खड्डा, ज्यात पाय सोडून तुम्ही उभा जन्म काढलात, तो मातीने भरला गेला, आणि बरोबर त्या जागेवर माझं टेबल आलं. माती दबत गेली तसा टेबलाचा एक पाय खचायचा. तुम्ही दर आठवड्याला त्याखाली खर्ड्याची, म्हणजे पुठ्ठ्याची, घडी सारायचात. मग स्टूलावर बसायचात, आणि मी राज्य चालवत असताना खाली तुमचे पाय चाललेले असायचे, उजवा, डावा, उजवा. पायाने दाबायच्या मागाच्या पावड्या तिथे नव्हत्या. तुम्हाला ते कळत नव्हतं, आणि मी कधी सांगितलं नाही.

तुमचे प्रश्न मात्र एकाहून एक. नकाशावर माझ्या राज्याचा एक तुकडा फुटून निघाला तर तुम्ही म्हणालात, "हे गोंदियासारखं वेगळं झालं काय?" मी हसले. किल्ला बांधला की म्हणायचात, "आपल्याही गावाले परकोट आहे बाई, पण राजा कोण होता ते कोणाले सांगता येते?" मला राजाशी देणंघेणं नव्हतं, मला जिंकायचं होतं. तुमचं लक्ष राजाकडे नसायचंच. कोपऱ्यात एखादा माणूस काम संपून नुसता उभा असला की तुमची चुळबूळ सुरू.

"तो काहून उभा आहे? त्याले काही काम दे ना."

"काम नाही आता बाबा."

"मंग बसव तरी त्याले. पाय दुखत असतील."

"यात बसवता येत नाही."

"असा कसा गेम आहे तुझा," असं म्हणून तुम्ही स्टूल आणखी पुढे ओढलंत. आमचा विणकर बसतो तो त्या एका वाक्यामुळे. संबंध गेममध्ये तो एकटाच बसतो.

त्याच दिवसांतली एक दुपार मला सोडत नाही. त्या गेममध्ये माणसांच्या संख्येला मर्यादा असते, ती भरली की नवं सैन्य उभं राहत नाही. मग शहाणे खेळाडू काय करतात, तर आपल्याच कामकऱ्यांवर क्लिक करून डिलीटचं बटण दाबतात. माणूस पडतो, जागा होते. मी सपासप सात-आठ पाडले. तुम्ही वाकून पडद्याजवळ आलात.

"याले कोणी मारलं?"

"मीच काढलं. सैन्याले जागा पाहिजे ना."

"जागा पाहिजे होती," तुम्ही म्हणालात. "मंग बरोबर आहे." आणि तुमचे पाय थांबले. रागावला असतात तर मी भांडले असते. तुम्ही उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलात आणि मी ती लढाई जिंकले.

आता आमच्या गेमचा आवाज ऐका. माणसावर क्लिक केलं की तो काहीतरी बोलतो, तसा रिवाज आहे. विणकरासाठी मी आपल्याकडचा नट शोधून काढला, झाडीपट्टीच्या नाटकांत राजे करून थकलेला, आता इथे मुलाकडे राहणारा. त्याला एकच वाक्य दिलं, "सांग बाई." मी क्लासहून आल्यावर मागावरून मान न उचलता तुम्ही म्हणायचात तसं. आवाज तुमचा नाही, पण 'सांग'नंतर तो जो थांबतो, तेवढाच तुम्ही थांबायचात. रेकॉर्डिंग झाल्यावर त्याने विचारलं, "अन् मरताना काय म्हणू ताई? मले नाटकात मराले दहा मिनिटं भेटतात." मला हसू आलं. म्हटलं, काही नका म्हणू.

तेव्हापासून ऑफिसमध्ये दिवसभर तुम्ही मला विचारताहात. खेळून पाहणारी मुलं पलीकडच्या रांगेत बसतात, त्यांच्या स्पीकरमधून येतं, सांग बाई. कुणी घाईने पाच वेळा क्लिक केलं की पाच वेळा येतं. चहाचा कप हातात घेऊन मी मागे वळून बघते. सतरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, आणि मी दर वेळी वळून बघते.

मरण मी त्याला माझ्या मनाचं दिलं होतं. बटण दाबलं की इतर माणसं कोसळतात. हा आधी उठतो, दुपट्टा खांद्यावर टाकतो, नकाशाच्या कडेपर्यंत चालत जातो, तिथे दार नाही तरी आपल्या दाराच्या ठेंगण्या चौकटीखाली वाकावं तसा वाकतो आणि दिसेनासा होतो. अकरा सेकंद लागतात. तोवर त्याची जागा अडलेली राहते. तक्रार आली ती एका ओळीची, विणकर मरायला फार वेळ लावतो. मी टीम लीडरला म्हटलं, याला डिलीटच करता येणार नाही असं करू या. तो माणूस वाईट नाही. म्हणाला, "अगं, अकरा सेकंदांत शत्रू दारात येतो. तुझ्या भावना कळतात मला. पण नियम सगळ्यांना एकच हवा."

भावना कळतात, कारण त्याला आपली गोष्ट माहीत आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. नोकरीच्या मुलाखतीत सांगितली तेव्हापासून ती माझ्या आधी खोलीत शिरते. बापाने लेकीच्या कॉम्प्युटरसाठी आपल्या हाताने मागाचा खड्डा बुजवला. ऐकणाऱ्यांचे डोळे भरतात. आता उद्या नव्या भागाच्या जाहिरातीसाठी कॅमेऱ्यापुढे बसून मला तीच सांगायची आहे.

त्यात खोटं काही नाही. नदीकडची माती तुम्हीच घमेल्यांनी आणलीत, तुम्हीच चोपलीत. फक्त सुरुवात मी गाळते. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा चार दिवस आधी आला. खोकी ओट्यावर पडली होती आणि मागावर लुगडं होतं, वीतभर राहिलेलं. तुम्ही म्हणालात, एवढं उतरू दे. मी म्हटलं, खोकी काय डोक्यावर ठेवू? आणि फळीवरची कात्री मी घेतली, बाबा. तुम्ही अडवलं नाहीत. एवढंच म्हणालात, "टोकं राहू दे बाई. पुढचा ताणा कशाले जोडाचा?" विणकर माग कधी पुरता उघडा करत नाही, जुन्या ताण्याची टोकं राखतो आणि त्यांनाच नवा धागा पिळून जोडतो, हे मला पाळण्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "पुढचा कोणता?" आणि मुळातून कापलं. लुगडं सैल होऊन तुमच्या मांडीवर पडलं. तुम्ही त्याची घडी केलीत, सावकाश, आणि घमेलं घेऊन बाहेर गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा टेबल तिथून कधीच हललं होतं, तुमची खाट होती त्या जागेवर. मी पुण्याहून पोचले तोवर तुम्हाला खाली घेतलं होतं. लोक आत-बाहेर करत होते आणि त्यांच्या पायांखाली तेवढीच जमीन पोकळ वाजत होती. मी आईजवळ बसून तो आवाज ऐकत होते. अजूनही ऐकू येतो.

आज सुट्टी आहे, दुपारचं ऑफिस रिकामं आहे. मी विणकर दुरुस्त केला. दुरुस्ती तपासावी लागते, म्हणून एकाला नकाशावर ठेवला. तो बसला, पाय चालू लागले. क्लिक केलं. सांग बाई, तो म्हणाला. पुन्हा केलं, पुन्हा म्हणाला. त्याला तेवढंच येतं, आणि तिसऱ्यांदा मला वाटलं की आता तरी मी बोलेन. मी बटण दाबलं. तो बसल्या जागीच गेला, आणि जागा झाली.

हे सगळं मी तक्रारीखालच्या शेऱ्याच्या चौकटीत लिहीत बसले आहे. तिथे 'झालं' एवढंच लिहायचं असतं, आणि उद्या सगळे यायच्या आत मी बाकीचं पुसून तेवढंच ठेवीन. मग कॅमेऱ्यापुढे जाऊन बसेन. खड्ड्याचं सांगेन, घमेल्यांचं सांगेन, खचणाऱ्या टेबलाखाली तुम्ही घड्या सारायचात तेही सांगेन. कात्रीचं मी उद्याही सांगणार नाही, बाबा.