परवाना शिल्लक नाही

५ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.
कोरियात थंडी आली, देगूत जरा जास्तच. बोटं गारठलीत, पण निश्चय पक्का. या आठवड्यात सर्व्हरचा प्रश्न कायमचा निकालात काढायचा.

प्रश्न तसा किरकोळ. कंपनीची कापडावरची सगळी डिझाइनं एका सर्व्हरवर असतात. परवाने वीस, म्हणजे एका वेळी वीसच कॉम्प्युटर आत शिरू शकतात. एकविसाव्याच्या पडद्यावर येतं, "परवाना शिल्लक नाही." उन्हाळ्यापासून रोज कुणाला ना कुणाला येतंय. आज डिझाइन विभागातल्या प्यो मॅडमना आलं.

सर्व्हर सांभाळणारा मी. आज नाही, अकरा वर्षं. पण मॅडमनी हाक मारली मिनला. हा मिन मे महिन्यात नमुना विभागात लागलेला. केस उभे, दात सरळ. तो माझ्याकडे येऊन म्हणतो, "दादा, मॅडमचं अडलंय, जरा बघता का?" दादा म्हणे. मी याचा कुठला दादा.

सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. मॅडम आत. रामबाण उपाय. बाकीच्यांचं काम मधेच तुटलं, त्यांनी आरडाओरडा केला. औषध कडूच असतं.

दुपार.
प्यो मॅडम मिनबरोबर कोपऱ्यावर रस्सा-भात खायला गेल्या. चार वर्षं त्यांना मशीनची कॉफी मी पाजतोय. मी जागेवरच किंबाप खाल्लं. आतला भात शिळा होता.

६ नोव्हेंबर, मंगळवार.
पुन्हा तेच. पुन्हा प्यो मॅडमना. पुन्हा मिन धावला.

वर मला शिकवतो. म्हणाला, "दादा, लोक काम तसंच उघडं टाकून जेवायला जातात. त्यांची जागा अडून राहते. रिकामं बसलेलं कनेक्शन पंधरा मिनिटांनी आपोआप तुटेल अशी सोय असते ना?" मी म्हटलं, ती मला केव्हाची माहीत आहे, जाणकार लोक ती वापरत नाहीत.

माहीत नव्हती. दुपारी शोधली. आहे. आता तर मुळीच वापरायची नाही.

संध्याकाळी नीट विचार केला. नेमकं प्यो मॅडमनाच का अडतं? कारण उघड आहे. मिन मुद्दाम जागा अडवतो आणि मग सोडवायला धावतो. आपणच आग लावायची, आपणच बंब घेऊन यायचं. पुरावा हवा.

७ नोव्हेंबर, बुधवार.
कामाचा दिवस. गोदामातले तीन जुने कॉम्प्युटर पुसून सर्व्हरला जोडले. पहिला मिनच्या फोल्डरवर नजर ठेवणार. दुसराही तेच करणार, पहिला बंद पडला तर. तिसरा या दोघांवर लक्ष ठेवणार. संशय नको म्हणून नावं वेगळी दिली : घार-१, घार-२, घार-३. दिवसभर चालूच राहतील. आता बघू.

८ नोव्हेंबर, गुरुवार.
तक्रारी एकदम वाढल्या. अपेक्षितच होतं. चोराला चाहूल लागली की तो जास्त हातपाय मारतो.

मिनच्या फोल्डरमध्ये मात्र नुसती चौकडीची कापडं. फारच सावध माणूस.

प्यो मॅडमच्या आईने कोबीची वर्षाची किमची घातली. मॅडमनी एक डबा मला दिला, एक मिनला. त्याचा मोठा वाटला. तो पाणी प्यायला गेला तेव्हा उचलून पाहिला. मोठाच आहे.

बांगसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. उद्या दहाला ओसाकाचं गिऱ्हाईक येणार, वसंताची सगळी डिझाइनं पटापट उघडली पाहिजेत. म्हणाले, "गिल, हे गिऱ्हाईक गेलं तर उन्हाळ्यापर्यंत माग बंद राहतील. जबाबदारी तुमची." मी म्हटलं, साहेब, तुम्ही निर्धास्त राहा.

९ नोव्हेंबर, शुक्रवार.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण पुढे लोक तिखटमीठ लावतील.

दहाला पाहुणे बसले. बांगसाहेबांनी पहिलं डिझाइन उघडलं. भिंतीवर हातभर अक्षरांत आलं, "परवाना शिल्लक नाही." ओसाकाच्या म्हाताऱ्या साहेबांनी दुभाष्याला विचारलं, या डिझाइनचं नाव काय म्हणून.

मी क्षणाचाही विलंब लावला नाही. माझ्या तीन घारी सोडून सगळ्यांना सर्व्हरबाहेर काढलं. बांगसाहेब आत शिरले. पण प्यो मॅडम त्याच घडीला शेवटच्या फुलांचा रंग भरत होत्या. जतन केला नव्हता. पाहुण्यांना बिनरंगाची फुलं दिसली. ते म्हणाले, विचार करून कळवतो.

पाहुणे गेल्यावर बांगसाहेबांनी विचारलं, आत कोण कोण आहे ते दाखवा. दाखवलं. ते म्हणाले, "या घारी कोण?" मी म्हटलं, तांत्रिक बाब आहे. तेवढ्यात मिन वायर बघत बघत गोदामाकडे निघाला आणि त्याच्यामागे सगळं ऑफिस. तीन पडदे चालू. दोहोंवर मिनचं फोल्डर. तिसऱ्यावर त्या दोघांची नावं. प्यो मॅडम आधी पडद्यांकडे बघत होत्या, मग माझ्याकडे.

मिन म्हणाला, "दादांनी चाचणीला लावले असतील, साहेब. गर्दी झाल्यावर सर्व्हर टिकतो का ते बघायला."

मला वाचवलं त्याने. सगळ्यांसमोर. एवढंही मला करू देत नाही हा माणूस.

१२ नोव्हेंबर, सोमवार.
मिनने ती पंधरा मिनिटांची सोय चालू केली आणि घारी काढल्या. दिवसभर कुणालाही अडलं नाही. ऑफिस कसं सुनंसुनं वाटत होतं.

ओसाकाला मिनने रंगीत फुलं पाठवली होती. त्यांनी पसंत केली. बांगसाहेबांनी सर्व्हर मिनकडे दिला. माझ्याकडे प्रिंटर. खरं पाहता प्रिंटर हाच कंपनीचा चेहरा. सर्व्हर कोण बघतं?

एक गोष्ट ठरवली. इतकी वर्षं मी कामाच्या आड राहिलो. आता प्यो मॅडमशी सरळ बोलायचं. बुधवारी, कॉफीच्या मशीनपाशी. वाक्यं तयार आहेत.

१४ नोव्हेंबर, बुधवार.
कॉफी घेतली, दोन कप. म्हटलं, मॅडम, मला तुमच्याशी जरा बोलायचंय. त्या म्हणाल्या, "मलाही. आधी मी बोलते." आणि पिशवीतून लग्नाची पत्रिका काढली.

जानेवारीत. शेजारच्या गुमी शहरात. मुलगा पोहायला शिकवतो. मिनचा थोरला भाऊ.

मी अभिनंदन म्हटलं. कप हातातच होते, म्हणून वाकता आलं नाही नीट.

मग मॅडम ऑफिसच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "गिलसाहेबांना पहिली पत्रिका. हे लग्न त्यांनीच जुळवलं. उन्हाळ्यापासून सर्व्हर रोज अडायचा, मिन रोज सोडवायला यायचा. सर्व्हर चालू होईपर्यंत बसून करणार काय? तो भावाच्या गोष्टी सांगायचा. साहेबांनी तो वेळीच दुरुस्त केला असता, तर मला कळलंच नसतं की असा माणूस आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मिनने. म्हणाला, "आता तर तुम्ही घरचेच, दादा."

कप टेबलावर ठेवले आणि वाकून सगळ्यांचे आभार मानले.